उजव्या कुशीची झोप आणि सीपॅपचा मास्क

घोरणाऱ्या माणसाची आपल्या घरांत थट्टाच होते. लग्नघरात पुरुष मंडळी एका खोलीत झोपायची असली की "मामूंना माडीवर पाठवा, नाहीतर कुणाचा डोळा लागायचा नाही" असे कुणीतरी म्हणतेच. आमच्या जयगडात तर खाडीतल्या बोटीच्या इंजिनाची उपमा ठरलेली. इंजिन धडधडत असते, मध्येच बंद पडते, दहा-पंधरा सेकंद सगळे शांत, आणि मग मोठा झटका देऊन पुन्हा सुरू होते. ऐकणारे हसतात. पण काळजी करायची ती त्या मधल्या शांततेची. तेवढा वेळ झोपलेल्या माणसाचा श्वास थांबलेला असतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. छाती हवा ओढत असते, पण आत काही जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागे करतो, माणूस धापकन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. डोके जड असते, दिवसा पेंग येते, आणि बीपीच्या गोळ्या वाढवूनही बीपी खाली येत नाही. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वास कमीत कमी दहा सेकंद थांबला तर तो एक अडथळा मोजतात. तासाला असे पाचपेक्षा कमी अडथळे असले तर चिंता नाही, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्याहून जास्त असले तर आजार तीव्र.

हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले ते बप्पी लाहिरींच्या निधनानंतर. १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री मुंबईत जुहूच्या क्रिटीकेअर रुग्णालयात ते गेले, तेव्हा वय ६९ होते. त्यांना इतरही तक्रारी होत्या, पण डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणात स्लीप ॲप्नियाचे नाव घेतले आणि "घोरण्याने माणूस जातो का?" असे लोक पहिल्यांदा विचारू लागले. मुंबईच्या डॉक्टरांना मात्र हे नवे नव्हते. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००४ मध्येच प्रसिद्ध झाला होता. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या, ३५ ते ६५ वयाच्या ६५८ निरोगी पुरुषांना त्यांनी प्रश्न विचारले आणि त्यांतील २५० जणांची त्यांच्याच घरी रात्रभर झोपेची तपासणी केली. झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण १९.५ टक्के निघाले, म्हणजे जवळजवळ पाचात एक. त्यासोबत दिवसा पेंग येण्याचाही त्रास असणारे ७.५ टक्के होते. वजन, मानेचा घेर आणि मधुमेह या तीन गोष्टींशी आजाराचा संबंध जास्त दिसला. हा अभ्यास पुरुषांचा होता. बायकांनी आपण सुटलो असे समजू नये. पाळी गेल्यानंतर त्यांच्यातही हे प्रमाण वाढते, आणि त्यांची तक्रार घोरण्यापेक्षा थकव्याची, निद्रानाशाची, डोकेदुखीची असल्याने ती बहुधा "घरकामाचा शीण" म्हणून सोडून दिली जाते.

उपचार म्हणजे सीपॅप. उशाशी ठेवायचे एक छोटे यंत्र, त्याला लांब नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. यंत्र हवेचा सौम्य दाब सतत देत राहते. त्या दाबाने घशाची वाट आतून उघडी राहते, जणू फुग्यात हवा भरून त्याच्या भिंती एकमेकींना चिकटू दिल्या नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये हा प्रयोग पहिल्यांदा माणसावर केला आणि १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचे निष्कर्ष 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे. सुलिव्हन यांचे सुरुवातीचे मास्क रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन एकेक करून बनवलेले असत आणि रोज रात्री ते सिलिकॉनच्या लुकणाने चेहऱ्याला चिकटवावे लागत. आजच्या मास्कला नावे ठेवताना आम्हांला त्या पहिल्या रुग्णांची आठवण होते.

तरीही नावे ठेवावीच लागतात. यंत्र घेतलेली माणसे ते कपाटात टाकतात त्याला बहुतेक वेळा मास्क कारणीभूत असतो. आणि त्यातही सर्वाधिक हाल कुशीवर झोपणाऱ्यांचे होतात.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण कुशीवर झोपणारे असणार. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आहे. तीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी झोपण्यापूर्वी नमाजसाठी करतो तशी वुजू करून उजव्या कुशीवर निजण्याची शिकवण दिली आहे. आपल्याकडची मुले मक्तबात हे शिकतात आणि पुढे जन्मभर त्याच सवयीने झोपतात. गंमत अशी की, स्लीप ॲप्नियाचे डॉक्टरही रुग्णाला कुशीवरच झोपायला सांगतात. उताणे झोपले की जीभ आणि टाळूचा मऊ भाग आपल्याच वजनाने मागे पडतो. अनेक रुग्णांत कुशीवर असतानाच्या तुलनेत उताणे असताना अडथळे दुप्पट किंवा त्याहून जास्त होतात. पाठीवर वळू नये म्हणून जुन्या बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवायची युक्ती परदेशी डॉक्टरांनी कित्येक वर्षे सांगितली आहे. म्हणजे कुशीवरची झोप सोडायची नाही. बदलायचा तो मास्क.

आमच्या घरी मोठे भाई तीन वर्षांपासून सीपॅप वापरतात. आखातातली नोकरी संपवून ते घरी आले, आणि भाभींनी पहिल्याच महिन्यात ओळखले की हे घोरणे साधे नाही. तपासणी झाली, तासाला चाळीसच्या वर अडथळे निघाले. शहरातल्या एका दुकानदाराने त्यांना खुर्चीवर बसवून तोंड-नाक दोन्ही झाकणारा मोठा मास्क तीन मिनिटांत लावून दिला. खुर्चीवर तो छान बसला. घरी भाई उजव्या कुशीवर झोपले आणि उशीने मास्क एका बाजूने उचलला. रात्रभर डोळ्यात हवा, पहाटे डोळे लाल, भाभींच्या कानाशी शिट्टी. भाईंनी पट्टे आवळले. मग नाकाच्या हाडावर जखम झाली आणि हवा तरीही सुटतच राहिली.

पट्टे आवळून हवा का थांबत नाही, हे समजून घेतले तर अर्धे काम होते. मास्कची जी मऊ सिलिकॉनची कड चेहऱ्याला टेकते ती बहुधा दुपदरी असते. यंत्राची हवा आत आली की आतला पातळ पदर फुगतो आणि चेहऱ्याच्या उंचसखल भागांवर स्वतः जाऊन बसतो. पट्टा फार ताणला तर हा पदर चेपून सपाट होतो, त्याला फुगायला जागाच राहत नाही, आणि डोके जरा हलले की फट पडते. म्हणून पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत इतकाच तो घट्ट हवा. मास्क सैल करून, यंत्र चालू ठेवून, तो चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढायचा आणि हळूच परत टेकू द्यायचा. पुष्कळदा तेवढ्याने गळती बंद होते.

दुसरी गोष्ट, मास्क बसून मापायचा नाही, आडवे होऊन मापायचा. आडवे झाल्यावर गालाचे मांस एका बाजूला सरकते, कुशीवर आणखी सरकते. ज्या दाबावर रात्री यंत्र चालणार तो दाब चालू करून, आपल्या नेहमीच्या कुशीवर, आपल्याच उशीवर डोके ठेवून पाच-दहा मिनिटे पडून राहावे. मग दुसऱ्या कुशीवर वळून पाहावे. दुकानात हे करायला संकोच वाटतो, बायकांना तर फारच. अशा वेळी विक्रेत्याचा माणूस घरी येतो का, किंवा त्यांच्याकडे बाई तंत्रज्ञ आहे का, हे फोनवरच विचारून घ्यावे. मास्क एकदा वापरला की स्वच्छतेच्या कारणाने सहसा परत घेत नाहीत. म्हणून पैसे देण्यापूर्वी "नाही बसला तर बदलून मिळेल का, किती दिवसांत?" हे स्पष्ट विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. जयगडहून रत्नागिरी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. झोपेची तपासणी आणि मास्कची निवड यासाठी पुढे कोल्हापूर, पुणे, मुंबई गाठावी लागली तर प्रत्येक फेरीचा दिवस जातो, हे दुकानदाराला कोण सांगणार!

आता मास्कचे प्रकार. ढोबळ चार आहेत, आणि कुशीवर झोपणाऱ्याच्या दृष्टीने ते सारखे नाहीत.

सर्वांत लहान म्हणजे नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या दोन मऊ गाद्यांचा मास्क. विक्रेते त्याला 'नेझल पिलो' म्हणतात. चेहऱ्यावर जवळजवळ काहीच नसते, उशीला अडायला काही नाही, नाकाच्या हाडावर भार नाही. रेसमेड कंपनीचा एअरफिट पी-१० हा यातला जुना आणि खूप चाललेला मास्क. त्याला डोक्यामागून जाणारा एकच दुहेरी पट्टा असतो. फिशर अँड पायकेल कंपनीचा ब्रेविडा याच जातीचा. गाद्यांची दोन-तीन मापे बहुधा खोक्यातच येतात. सुरुवातीचे काही दिवस नाकपुड्या हुळहुळतात. यंत्राचा दाब बराच जास्त असेल तर नाकात फवारा मारल्यासारखे वाटते. दाढी-मिशीवाल्यांना मात्र हा प्रकार फार सोयीचा, कारण हवा अडवण्याचे काम नाकपुडीच्या तोंडाशी होते, गालावरच्या केसांशी त्याचा संबंध नाही.

दुसरा नाकाच्या खाली, झोळीसारखा टेकणारा. नाकपुड्यांत काही जात नाही आणि नाकाचे हाडही मोकळे राहते. निजताना चष्मा लावून कुरआन शरीफ किंवा एखादे पुस्तक वाचायची सवय असेल तर हा मास्क लावूनही वाचता येते. फिलिप्सचा ड्रीमवेअर, रेसमेडचा एन-३० आणि एन-३०आय हे या प्रकारातले. ड्रीमवेअर आणि नावात 'आय' असलेल्या रेसमेडच्या मास्कांत आणखी एक करामत आहे. नळी तोंडासमोर नसून डोक्याच्या माथ्यावर जोडलेली असते आणि हवा गालांवरून उतरणाऱ्या दोन पोकळ पट्ट्यांतून नाकापर्यंत येते. कुशीवर झोपल्यावर एक पट्टी उशीखाली दबली तरी दुसरीतून हवा येत राहते. रात्रीतून पाच-सहा वेळा कूस बदलणाऱ्यांनी आधी हा पाहावा, असे आमचे मत आहे. भाईंना शेवटी याच जातीचा मानवला. दाब जास्त असणाऱ्यांनी मात्र खालची पट्टी पूर्ण दबल्यावर हवा पुरते का, हे आडवे होऊन तपासावे.

तिसरा नाक पूर्ण झाकणारा त्रिकोणी मास्क. जास्त दाबालाही तो चांगला टिकतो, पण उशीला त्याची बाजू लागते. चौथा नाक-तोंड दोन्ही झाकणारा, ज्याला 'फुल फेस' म्हणतात. कुशीवर झोपणाऱ्यांसाठी हा सर्वांत कठीण. क्षेत्रफळ मोठे, म्हणून गळती जास्त, आणि दाढीवर तो सहसा नीट बसत नाही. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही तोंड झाकणाऱ्या मास्कपेक्षा नाकाच्या मास्कला पहिली पसंती दिली आहे. तरी आपल्याकडे दुकानदार हाच आधी का पुढे करतात? आमच्या मते त्याचे कारण सोपे आहे. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्यालाही तो चालतो, त्यामुळे प्रश्न विचारत बसावे लागत नाही. पण तोंड उघडे का राहते, हाच तर विचारण्याचा प्रश्न. नाक चोंदलेले असेल, पडदा वाकडा असेल, ॲलर्जी असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून त्याचा इलाज आधी करावा. नाक मोकळे झाले की अनेकांचे तोंड आपोआप मिटते. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुण्याचा सल्ला डॉक्टर देतात. वुजूत रोज नाकात पाणी घेणाऱ्याला ते शिकवावे लागत नाही. ज्यांना तोंड झाकणेच भाग आहे त्यांच्यासाठी आता नाकाखालून बसणारे आणि माथ्यावर नळी असलेले मोठे मास्कही मिळतात, उदाहरणार्थ रेसमेडचा एफ-३०आय. ते उशीला कमी अडतात.

कंपनीच्या नावात अडकू नये. यंत्र एका कंपनीचे आणि मास्क दुसऱ्या कंपनीचा, असे चालते, कारण नळीच्या तोंडाचे २२ मिलिमीटरचे माप सर्वसाधारणपणे सगळीकडे सारखे आहे. काही छोटी प्रवासी यंत्रे याला अपवाद. आपल्याकडे बीएमसी या चिनी कंपनीचे (मुंबईची महापालिका नव्हे!) मास्कही पुष्कळ विकले जातात आणि ते तुलनेने स्वस्त असतात. मास्कचा प्रकार बदलला की यंत्राच्या सेटिंगमध्येही तो बदलायची सोय पुष्कळ यंत्रांत असते. ती करून घ्यावी, नाहीतर यंत्र गळतीचा हिशेब चुकीचा धरते.

एक इशारा मात्र जरूर लक्षात ठेवावा. काही मास्कच्या पट्ट्यांना बटणांऐवजी लोहचुंबकाच्या क्लिपा असतात. लावायला सोप्या, पण पेसमेकर, हृदयात बसवलेले दुसरे यंत्र, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची धातूची क्लिप किंवा डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण असलेल्या माणसाला त्या धोक्याच्या ठरू शकतात. फिलिप्सने २०२२ मध्ये आणि रेसमेडने २०२३ मध्ये याबद्दल सूचना दिल्या. चुंबक अशा वस्तूपासून साधारण १५ सेंटीमीटरच्या आत येऊ नये. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला पेसमेकर असेल तरी हाच नियम. आपल्याकडे वेल्डिंगची, बोटीच्या इंजिनाची, वर्कशॉपची कामे केलेली माणसे घरोघरी आहेत. त्यांनी डोळ्याची गोष्ट डॉक्टरांना सांगावी.

आखातातून किंवा इंग्लंडहून कुणी नातेवाईक आपले जुने यंत्र पाठवून देतो, तेव्हाही चौकशी करावी. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आपली लाखो जुनी यंत्रे परत बोलावली. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याची भीती होती. उष्ण आणि दमट हवेत हा फोम लवकर खराब होऊ शकतो, असे कंपनीनेच म्हटले होते. आणि कोकणापेक्षा दमट ते काय असणार? यंत्राचा नंबर पाहून ते त्या यादीतले नाही ना, याची खात्री करावी. दाब तर डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. चुलतभावाच्या घशाला लागणारा दाब आपल्या घशाला लागू पडेलच असे नाही. आणि मास्क दुसऱ्याचा वापरू नये, तो नवाच घ्यावा.

आता उशी. परदेशात कोपरे कापलेल्या खास उशा मिळतात, ज्यांत मास्कला जागा सोडलेली असते. इथे त्यासाठी पैसे घालवायची गरज नाही. जुनी कापसाची उशी घ्या, ज्या बाजूला तोंड येते त्या कडेचा कापूस मागे सारून तिथे दोन टाके घाला. गाल उशीवर आणि मास्क कडेबाहेर, इतकेच साधायचे आहे. पिंजाऱ्याकडून उशी भरून घेता आली तर त्याला तसेच सांगावे. उशीची उंची खांदा आणि मान यांमधले अंतर भरून काढेल इतकी असावी. उशी बुटकी असली की सगळा भार गालावर आणि मास्कवर येतो. फोमच्या कडक उशीपेक्षा शेवरीच्या कापसाची मऊ उशी बरी, कारण तिला हाताने खळगा करता येतो.

नळीचाही बंदोबस्त लागतो. सहा फुटांची नळी अंगाखाली आली की कूस बदलताना मास्क ओढला जातो आणि माणूस जागा होतो. भाभींनी मच्छरदाणीच्या काठीला कापडाची सैल फीत बांधून नळी वरून सोडली. आता भाई वळले की नळीही त्यांच्याबरोबर वळते. यंत्र पलंगाच्या पातळीपेक्षा खाली, स्टुलावर ठेवावे. म्हणजे नळीत साचलेले पाणी नाकाकडे न येता यंत्राकडे परत जाते. जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवेतच इतका ओलावा असतो की ह्युमिडिफायर अगदी कमी ठेवला किंवा बंद केला तरी चालतो. उन्हाळ्यात एसी लावणाऱ्यांना मात्र तो लागतो. त्यात विहिरीचे पाणी घालू नये, क्षार बसतात. डिस्टिल्ड वॉटर घ्यावे आणि रोज बदलावे.

मास्क रोज सकाळी साध्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवावा आणि सावलीत वाळवावा. डेटॉल, स्पिरिट, ब्लीच काही लावू नये. अत्तर तर अजिबात नाही. नव्या सिलिकॉनचा वास आवडत नाही म्हणून अत्तराचे बोट लावलेला मास्क आम्ही पाहिला आहे, तो काही आठवड्यांत चिकट झाला. खोबरेल तेल, दाढीचे तेल, रात्रीचे क्रीम यांनीही मास्क घसरतो आणि लवकर खराब होतो. निजण्यापूर्वी वुजू करताना चेहरा नीट धुतला की हा प्रश्न सुटतो. मग मात्र चेहरा कोरडा करूनच मास्क लावावा. बायकांनी केसांचा अंबाडा मागे बांधून झोपू नये, पट्टा त्यावर चढतो आणि वर सरकतो. सैल वेणी एका बाजूला घ्यावी. पट्ट्याने केस तुटतात अशी तक्रार असेल तर त्याखाली पातळ सुती रुमाल बांधता येतो.

वीज गेली की काय, हा प्रश्न आमच्या गावात पहिला विचारला जातो. औष्णिक वीज प्रकल्प इथे जयगडातच उभा आहे, १२०० मेगावॅटचा, तरी पावसाळ्यात झाड पडून तार तुटली की आम्ही अंधारात. यंत्र बंद पडले म्हणून गुदमरायला होत नाही. नाकाच्या मास्कमध्ये माणूस तोंडाने श्वास घेतो, आणि तोंड झाकणाऱ्या मास्कला त्यासाठीच एक झडप असते, जी दाब गेला की उघडते. ती झडप चिकटलेली नाही ना, हे धुताना पाहावे. इन्व्हर्टरवर यंत्र रात्रभर चालू शकते, मात्र ह्युमिडिफायरची उष्णता बंद ठेवावी. बॅटरी तीच जास्त खाते.

पहाटेचा मुद्दा राहिला. आपल्यातले पुष्कळ जण फजरसाठी किंवा तहज्जुदसाठी उठतात, मास्क काढतात, आणि नमाजनंतर थोडे आडवे होताना "आता तासाभरासाठी कशाला" म्हणून तो पुन्हा लावत नाहीत. पण ज्या झोपेत स्वप्ने पडतात ती झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, आणि तेव्हा स्नायू सर्वांत सैल असल्याने अनेकांचा श्वास त्याच वेळी जास्त अडतो. पट्टे न सोडता नळी तेवढी वेगळी करायची सोय बहुतेक मास्कना असते. तहज्जुदसाठी उठल्यावर पट्टे पुन्हा जुळवण्याचा कंटाळा येणाऱ्यांनी अशी सोय असलेलाच मास्क घ्यावा. रमजानमध्ये तरावीह आणि सहरीमुळे झोपेचे दोन-तीन तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला मास्क हवा. रोज्यात दुपारी झोपताना ह्युमिडिफायरच्या वाफेबद्दल मनात शंका असेल तर तो बंद ठेवून यंत्र चालवता येते, आणि मसला आपल्या आलिमांना विचारावा. उमरा-हजला जाणाऱ्यांनी एहरामच्या अवस्थेत डोक्यावरून जाणाऱ्या पट्ट्यांबद्दलही निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. यंत्र विमानात हातातल्या बॅगेत न्यावे, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी आणि मिना-अरफातच्या मुक्कामासाठी बॅटरीची व्यवस्था इथूनच करावी.

मास्क बसला की नाही, हे यंत्रच सांगते. सकाळी पडद्यावर गळतीचा आकडा किंवा हसरा-रडका चेहरा दिसतो. रेसमेडच्या यंत्रात गळती मिनिटाला २४ लिटरच्या आत असावी असे धरतात, इतर कंपन्यांची मोजणी वेगळी असते. तासाचे अडथळे पाचच्या खाली आले पाहिजेत. वापर रोज निदान चार तास आणि दहापैकी सात रात्री, हा डॉक्टरांचा कमीत कमी हिशेब आहे. वापर पूर्ण रात्रीचाच असावा. मास्क नवा असताना संध्याकाळी जागेपणीच अर्धा तास लावून बसावे, खबरे ऐकत किंवा नातवंडांचा अभ्यास घेत, म्हणजे चेहऱ्याला सवय होते. एक-दोन आठवड्यांनंतरही जखम, गळती किंवा घुसमट राहिली तर मास्क बदलावा, यंत्र कपाटात टाकू नये.

गेल्या रमजानमध्ये भाई एतेकाफला बसले. शेवटच्या दहा दिवसांसाठी चटई, चादर आणि मिसवाकबरोबर यंत्राची पिशवी आणि दहा फुटांची एक्स्टेंशन वायर मशिदीत गेली. पहिल्या रात्री शेजारच्या दोघा जणांनी हे काय म्हणून विचारले. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाने भाईंकडून रत्नागिरीच्या डॉक्टरांचा नंबर मागून घेतला.